सर्दी की दमा? घरच्या नोंदींवरून फरक ओळखण्याची पद्धत

माझा मुलगा तीन वर्षांचा झाल्यापासून पाच वर्षांचा होईपर्यंत आमच्या घरात "सर्दी छातीत उतरली आहे" हे वाक्य इतक्या वेळा बोलले गेले, की त्याचा नेमका अर्थ काय, हे आम्ही कोणी विचारलेच नाही. दर महिन्या-दीड महिन्याने नाक वाहायचे, दोन दिवसांनी खोकला सुरू व्हायचा, खोकल्याचे औषध आणि अँटिबायोटिक यायचे, आणि पंधरा-वीस दिवसांनी सगळे निवळले असे वाटेपर्यंत पुढची सर्दी हजर असायची. अखेर दम्याचे निदान झाले त्या दिवशी डॉक्टरांनी बराच वेळ प्रश्न विचारले. खोकला किती वाजता येतो, धावल्यावर काय होते, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, असे ते प्रश्न होते. त्यांची उत्तरे आमच्याजवळ दोन वर्षे होती, पण ती कोणी एकत्र मांडलेली नव्हती. निदान डॉक्टरच करतील. मात्र ज्या गोष्टी फक्त घरातल्या माणसाला दिसतात, त्या कशा पाहायच्या आणि कशा सांगायच्या, हे शिकता येते. ज्यांच्या घरात हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पायरी १ : थांबायला वेळ आहे का, हे आधी पाहा

फरक ओळखण्याचे काम सवडीचे आहे, आणि काही वेळा ती सवड नसते. श्वास घेताना मुलाच्या फासळ्यांमधली कातडी किंवा गळ्याखालची खळगी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, दोन-चार शब्दांपलीकडे एका दमात बोलता येत नसेल, तान्हे बाळ दूध ओढता ओढता सोडून देत असेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, मूल सुस्तावले असेल किंवा ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ च्या खाली गेला असेल, तर हा लेख बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आहे, पण धाप दिसते आहे, अशा वेळी विश्वास धापेवर ठेवावा. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला फसवते. छातीतली घरघर एकाएकी थांबली, पण श्वासाची ओढ तशीच राहिली, तर तो आराम नसतो. आवाज व्हायलाही पुरेशी हवा आत-बाहेर होत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

वाहन येईपर्यंत रुग्णाला आडवे न करता बसते ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि आराम देणारा इन्हेलर आधीपासून लिहून दिलेला असेल तर तो सांगितल्याप्रमाणे द्यावा.

पायरी २ : आजार कुठे बसला आहे, हे समजून घ्या

साधी सर्दी हा मुख्यतः नाक आणि घसा यांचा आजार आहे. ती आणणारे दोनशेहून अधिक प्रकारचे विषाणू आहेत आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरस सर्वांत जास्त वेळा सापडतो. म्हणून घसा खवखवणे, शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, मग ते चोंदणे, थोडी कणकण आणि अंग मोडून येणे, असा तिचा क्रम असतो. शरीराने विषाणूला आवरले की ती जाते.

दम्याचे घर नाकात नसून फुप्फुसांतल्या श्वासनलिकांत असते. या नलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, त्यामुळे त्या हळव्या झालेल्या असतात. धूर, धूळ, थंड हवा असे काही लागले की भोवतालचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो आणि मार्ग अरुंद होतो. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. माणूस ठणठणीत दिसत असला, तरी ही सूज आत राहू शकते. सर्दीला सुरुवात आणि शेवट असतो, तर दमा मधल्या चांगल्या दिवसांतही आत असू शकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत.

पायरी ३ : घड्याळ पाहा

माझ्या मते या साऱ्या लक्षणांत सर्वांत बोलकी असते ती खोकल्याची वेळ. सर्दीचा खोकलाही आडवे झाल्यावर वाढतो, कारण नाकातला स्राव घशात उतरतो. पण तो बहुधा झोपायला टेकल्यावर लगेच सुरू होतो आणि दिवसाही थोडाबहुत चालूच असतो. दम्याची ढास मात्र अनेकदा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे लागते. मूल छान झोपलेले असते, आणि तीन-चारच्या सुमारास कोरडा, एकामागून एक येणारा खोकला त्याला उठवून बसवतो. कधी त्या उबळीत उलटी होते, चिकट पांढरट कफ पडतो आणि मग मूल पुन्हा झोपी जाते. सकाळी ते खेळायला लागते, म्हणून घरच्यांना वाटते की रात्रीचे विशेष काही नव्हते. आम्हालाही तसेच वाटत असे.

घड्याळाबरोबर दिवसही मोजावेत. साधी सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त छळते आणि सात ते दहा दिवसांत ओसरते. तिच्यामागचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, पण तो दिवसेंदिवस उतरत जातो. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ सर्द्या होणे स्वाभाविक आहे, हे नव्या पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावे, नाहीतर प्रत्येक वाहत्या नाकाला दमा समजून घाबरायला होते. म्हणून नुसत्या सर्द्या मोजू नयेत. प्रत्येक सर्दीनंतर खोकला तीन-तीन आठवडे टिकतो का, आणि नाक अजिबात वाहत नसतानाही तो येतो का, हे पाहावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो" असेल, तर दम्याची शंका धरायला जागा आहे.

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेल्या खोकल्याबद्दल आपल्या देशात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे क्षयरोगाची तपासणी. विशेषतः वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, कफातून रक्त पडत असेल किंवा घरात कोणाला क्षय झालेला असेल, तर ही तपासणी आधी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

पायरी ४ : मूल झोपलेले असताना श्वास पाहा आणि ऐका

ही पायरी शिकायला एक-दोन रात्री लागतात, पण ती आली की फार उपयोगी पडते. मूल गाढ झोपले की खोलीत मंद दिवा ठेवावा, सदरा छातीपर्यंत वर करावा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ हाताशी घ्यावे. पोट आणि छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास, असे पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद समजतात. अंगात ताप असताना श्वास वाढतोच, म्हणून शक्य तर ताप उतरल्यावर पुन्हा मोजावा. ताप आणि जलद श्वास एकत्र असतील, तर तो न्यूमोनियाही असू शकतो. त्या वेळी सर्दी की दमा हा विचार करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

त्यानंतर कान जवळ न्यावा. नाक चोंदले असताना येणारा घरघराट आणि छातीतून येणारी शिट्टी यांत नवख्या माणसाची हमखास गल्लत होते. आमची तर अनेकदा झाली. ती टाळण्याचा एक सोपा उपाय आहे. मिठाच्या पाण्याचे तयार थेंब औषधांच्या दुकानात मिळतात. ते नाकात घालून नाक मोकळे करावे आणि पुन्हा ऐकावे. आवाज गेला किंवा बराच कमी झाला, तर तो बहुधा नाकाचा होता. राहिला, तर तो श्वास आत घेताना येतो की सोडताना, इकडे लक्ष द्यावे. श्वास सोडताना येणारा बारीक, लांबलेला, बासरीच्या फुंकरीसारखा आवाज श्वासनलिका अरुंद झाल्याची खूण आहे. श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज आणि भुंकल्यासारखा खोकला हे घशाच्या खालच्या भागाचे दुखणे असते, आणि त्यालाही लवकर दाखवावे लागते. अचानक, खेळता-खाता सुरू झालेली घरघर असेल, तर शेंगदाणा किंवा तसे काही श्वासनलिकेत अडकले आहे का, ही शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी.

मोबाइलवर त्या आवाजाचे आणि छातीच्या हालचालीचे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून ठेवावे. दवाखान्यात सकाळी अकरा वाजता मुलाची छाती पुष्कळदा स्वच्छ असते, आणि "रात्री फार वाजत होते हो" एवढे सांगून पहाटेच्या आवाजाची कल्पना देता येत नाही.

पायरी ५ : दुधाच्या खाड्यांशेजारी खोकल्याची नोंद करा

वही आणावी, तक्ते आखावेत, असे सल्ले मिळतात. ते चार दिवस टिकतात. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय होते आणि त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे लिहिले जात. त्याच चौकटींत मी मुलाच्या खोकल्याची नोंद करू लागले. "रा. ३, ढास, उलटी." "नाक वाहते, ताप नाही." "पायऱ्या चढून आला, खोकला." "माळा काढला, गोधड्या." या शेवटच्या नोंदीच्या पुढच्या दोन्ही चौकटींत रात्रीचा खोकला लिहिलेला होता आणि नाक वाहिल्याची नोंद एकही नव्हती. दसऱ्याच्या आधी माळ्यावरच्या गोधड्या खाली काढल्या होत्या. त्यांतल्या धुळीचा आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा सर्दीच्या विषाणूशी काही संबंध नव्हता. त्या दोन चौकटींकडे पाहून डॉक्टरांनी जे ओळखले, ते आधीच्या दोन वर्षांत कोणाच्या लक्षात आले नव्हते.

नोंदीत कोणकोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवायचे, ते घरोघरी वेगळे असेल. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन धरलेली बुरशी, चुलीचा किंवा शेकोटीचा धूर, धूप आणि उदबत्ती, डासांची कॉइल, दिवाळीतले फटाके, मिरचीच्या फोडणीचा ठसका, झुरळे, पाळीव मांजर, कोणाच्या विडी-सिगारेटचा धूर, मळणीचा भुसा, गाजर गवताचे परागकण, ही आपल्याकडची नेहमीची कारणे आहेत. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-लसणाच्या सालींची धुरी देण्याची पद्धत अनेक घरांत मायेने पाळली जाते. ती माया मला कळते, पण ज्या बाळाची छाती वाजते त्याला कोणताही धूर देऊ नये, हे आजीला आदराने, पण ठामपणे सांगावे.

धावण्याचीही नोंद ठेवावी. सर्दी झालेले मूल खेळताना लवकर थकते. दम्याचे मूल धावणे थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकू लागते किंवा छाती धरून बसते. खूप हसल्यावर किंवा रडल्यावरही त्याला ढास लागते. पुष्कळ मुले हे बोलून दाखवत नाहीत, ती फक्त खो-खोत राज्य घ्यायचे टाळतात आणि कडेला बसून राहतात.

पायरी ६ : घराण्याचा आणि कातडीचा इतिहास आठवा

आई-वडिलांपैकी कोणाला दमा, ॲलर्जीच्या शिंका किंवा इसब असेल, किंवा मुलाला तान्हेपणी गालांवर आणि कोपरांच्या वळीत खाजरे चट्टे येत असतील, तर दम्याची शक्यता वाढते. इथे नातेवाइकांना नेमके विचारावे लागते, कारण आपल्याकडे दमा हा शब्द टाळला जातो. "आत्याला काय व्हायचे?" असे विचारले की "तिला थंडी सोसत नसे" असे उत्तर येते. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून आजार दडवलेली घरेही आहेत, आणि त्यामुळे पुढच्या पिढीच्या मुलांचे निदान उशिरा होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्दी आणि ॲलर्जी यांतही गल्लत होते. सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-बारा शिंका, नाक-डोळ्यांना खाज, पाण्यासारखे नाक, पण ताप नाही आणि अंगदुखी नाही, असे आठवडेच्या आठवडे चालले, तर ती सर्दी नसून नाकाची ॲलर्जी असते. दम्याच्या रुग्णांत ती फार वेळा सोबत असते.

पायरी ७ : दोन्ही एकत्र असू शकतात, हे धरून चला

मुलांमध्ये दमा उफाळून येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे साधी सर्दीच. त्यामुळे "सर्दी आहे की दमा" या प्रश्नाचे उत्तर अनेकदा "दोन्ही" असे असते, आणि नाक वाहते आहे म्हणून दमा नाही, असे म्हणता येत नाही. आमची दोन वर्षे नेमकी याच समजुतीत गेली. उलट, एकदा छाती वाजली म्हणजे दमाच, असेही नाही. विशेषतः दोन वर्षांखालच्या बाळांत आरएसव्हीसारख्या विषाणूंमुळे लहान श्वासनलिका सुजतात आणि घरघर होते, आणि त्यांतल्या अनेकांना पुढे दमा होत नाही. एका प्रसंगावरून कोणताच निष्कर्ष काढू नये. तेच तेच प्रसंग किती वेळा आणि कशामुळे येतात, ते पाहावे.

कफाच्या रंगावरून तर मुळीच ठरवू नये. पिवळा-हिरवा शेंबूड साध्या सर्दीतही येतो आणि तेवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही. विषाणूवर त्याचा उपयोगच होत नाही.

पायरी ८ : डॉक्टरांकडे काय न्यावे आणि काय विचारावे

नोंदीचे कागद, चित्रफीत आणि आजवर दिलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या किंवा चिठ्ठ्या न्याव्यात. साधारण पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांची आणि मोठ्या माणसांची स्पायरोमेट्री करता येते. नळीत जोराने फुंकायला लावतात, मग श्वासनलिका मोकळी करणारे औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्के किंवा अधिक वाढली, आणि मोठ्या माणसांत ती वाढ २०० मिलिलिटरहून कमी नसली, तर दम्याच्या निदानाला बळ मिळते. त्या दिवशी तपासणी चांगली आली म्हणून दमा नाही, असे मात्र होत नाही, कारण दमा दिवसागणिक बदलतो. त्याहून लहान मुलांत नोंदी, तपासणी आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवरच निदान बेतलेले असते.

घरी वापरण्यासाठी पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी मिळते. सकाळ-संध्याकाळ उभे राहून तीनदा फुंकावे आणि सर्वांत मोठा आकडा लिहावा. नुसत्या सर्दीत हा आकडा फारसा ढळत नाही. दम्यात तो पहाटे-सकाळी उतरलेला आणि संध्याकाळी चढलेला दिसतो.

मोठ्या माणसांनी आपली इतर औषधेही सांगावीत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी काहींचा दमा उफाळतो, आणि सर्दीच्या काही गोळ्यांत अशी औषधे असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही त्याला कारण ठरू शकतात. साठीनंतर प्रथमच रात्री दम कोंडून उठावे लागत असेल आणि पायांवर सूज असेल, तर हृदयाची तपासणी आधी हवी.

पायरी ९ : निदान होईपर्यंत काय करू नये

शेजारच्या मुलाचा नेब्युलायझर आणि त्याचे औषध उसने आणू नये. चार वर्षांखालच्या मुलांना क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण असलेली सर्दीची औषधे देऊ नयेत, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावले आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. गरम पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देताना भाजण्याचे अपघात होतात, आणि आवळलेली श्वासनलिका वाफेने मोकळी होत नाही. कोजागरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे दम्याचे औषध ज्यांना श्रद्धेने घ्यायचे आहे, त्यांनीही त्यापायी इन्हेलर एक दिवसही बंद ठेवू नये.

"पंपाची सवय लागते" ही भीती मात्र मुळातून काढायला हवी. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या इन्हेलरच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाच्या पाच मिलिलिटर सिरपमध्ये दोन मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. ज्या पालकांना चमचाभर सिरप सौम्य आणि पंप जहाल वाटतो, त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. फवाऱ्यातले औषध थोडे असते आणि जिथे हवे तिथेच जाते. लहान मुलांना ते स्पेसरमधून, म्हणजे इन्हेलरला जोडायच्या पोकळ नळीतून, एका वेळी एकच फवारा, मग चार-सहा शांत श्वास, असे द्यावे. सूज उतरवणारा रोजचा इन्हेलर असेल, तर नंतर चूळ भरायला लावावी.

निदान झाले, की पुढच्या सर्दीच्या पहिल्या दिवशी काय वाढवायचे, किती फवारे, किती वेळाने, आणि कोणत्या टप्प्यावर दवाखान्यात यायचे, हे डॉक्टरांकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्यावे. त्याच्या तीन प्रती काढाव्यात : एक शाळेत वर्गशिक्षिकांकडे, एक मुलाच्या दप्तरात इन्हेलरसोबत, आणि एक स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्याच खिळ्याला अडकवलेली.